क्ष-किरण खगोलशास्त्रातील फोटॉन-नोंद

क्ष-किरण खगोलशास्त्रातील फोटॉन-नोंद म्हणजे कृत्रिम उपग्रहावरील क्ष-किरण कॅमेऱ्याने दुर्बिणीत आलेल्या प्रत्येक फोटॉनाची जागा, वेळ व ऊर्जा स्वतंत्रपणे टिपून ती माहिती पृथ्वीवर पाठविण्याची पद्धत होय. अशा एका नोंदीस ‘घटना’ आणि नोंदींच्या संचास ‘घटना-यादी’ म्हणतात. वृत्तपत्रांत व पाठ्यपुस्तकांत दिसणारी कृष्णविवरांच्या परिसराची किंवा ताऱ्यांच्या अवशेषांची रंगीत क्ष-किरण चित्रे उपग्रहावर छायाचित्राच्या रूपात कधीच अस्तित्वात नसतात. ती घटना-यादीवरून जमिनीवर रचली जातात. त्यामुळे यादीत काय उतरले आणि काय उपग्रहावरच टाकून दिले गेले, यावर त्या निरीक्षणातून पुढे काय कळू शकेल हे कायमचे ठरते.

पार्श्वभूमी

पृथ्वीचे वातावरण अवकाशातून येणारे क्ष-किरण शोषून घेते. म्हणून त्यांचे निरीक्षण अग्निबाण, बलून वा उपग्रह यांच्या साहाय्यानेच करावे लागते. रिकार्डो जाकोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जून १९६२ मध्ये सोडलेल्या अग्निबाणावरील गणकांनी वृश्चिक राशीतील ‘स्कॉर्पियस एक्स-१’ हा सूर्यमालेबाहेरील पहिला क्ष-किरण उद्गम शोधला. डिसेंबर १९७० मध्ये ‘उहुरू’ हा केवळ क्ष-किरण खगोलशास्त्रासाठीचा पहिला उपग्रह कक्षेत गेला. या काळातील उपकरणे वायूने भरलेली गणक होती. ती फोटॉन मोजत, पण आकाशाचे चित्र देत नसत. ज्या सीसीडीमुळे जागा आणि ऊर्जा या दोन्ही गोष्टी एकाच उपकरणात चांगल्या नेमकेपणाने मिळू लागल्या, तिचा क्ष-किरण उपग्रहावरील पहिला वापर १९९३ साली सोडलेल्या जपानच्या ‘आस्का’ उपग्रहावर झाला.

पुढील विवेचनात मुख्य उदाहरण म्हणून जुलै १९९९ मध्ये कक्षेत गेलेली अमेरिकेची ‘चंद्रा’ वेधशाळा घेतली आहे. (हे नाव सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्यावरून दिलेले आहे, चंद्र या उपग्रहाशी त्याचा संबंध नाही.) तुलनेसाठी भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’चा विचार केला आहे.

फोटॉनाची ओळख

साध्या डिजिटल कॅमेऱ्यातही सीसीडी असते. मात्र दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनामुळे सिलिकॉनमध्ये एकच इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि असे असंख्य फोटॉन साठल्यावर चित्र तयार होते. क्ष-किरणांचा फोटॉन त्याहून शेकडो ते हजारो पट ऊर्जावान असतो. सिलिकॉनमध्ये सरासरी सुमारे ३.६५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेमागे एक इलेक्ट्रॉन सुटतो. त्या हिशेबाने १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा एक फोटॉन सुमारे २७० इलेक्ट्रॉन मोकळे करतो, तर ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन सुमारे १,६०० इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉनांचा हा पुंजका मोजला की फोटॉनाची ऊर्जा कळते. क्ष-किरणांच्या कॅमेऱ्यास वेगळा वर्णपटमापक जोडला नाही तरी वर्णपट मिळतो, तो यामुळेच.

या हिशेबाला एक अट आहे. सीसीडी वाचण्यापूर्वी त्याच जागी दुसरा फोटॉन पडता कामा नये. खगोलीय क्ष-किरण उद्गम इतके क्षीण असतात की बहुतेक वेळा ही अट आपोआप पाळली जाते. चंद्रा वेधशाळेने आकाशाच्या दक्षिणेकडील एका लहानशा भागाकडे निरनिराळ्या वर्षांत मिळून सुमारे ७० लाख सेकंद, म्हणजे ८१ दिवस, रोखून पाहिले. त्या निरीक्षणातील अतिक्षीण उद्गमांचे अस्तित्व मोजक्याच फोटॉनांवरून सिद्ध झाले आहे. जिथे सारा पुरावाच एवढा अल्प, तिथे प्रत्येक फोटॉनाची नोंद जपणे हा काटेकोरपणाचा अतिरेक ठरत नाही.

सीसीडीवर दृश्य प्रकाश पडल्यास त्याचेही इलेक्ट्रॉन साठून मोजणी बिघडते. म्हणून तिच्यापुढे ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर दिलेला पडदा असतो. उष्णतेमुळे आपोआप सुटणारे इलेक्ट्रॉन कमी राखण्यासाठी सीसीडी थंड ठेवतात. चंद्रा वेधशाळेवरील ‘एसिस’ या कॅमेऱ्याचे तापमान सुमारे उणे १२० अंश सेल्सियस ठेवले जात आले आहे.

चौकटीपासून घटनेपर्यंत

एसिसमध्ये दहा सीसीडी असून त्यांपैकी एका वेळी जास्तीत जास्त सहा वापरता येतात. प्रत्येक सीसीडीत १,०२४ ओळी आणि प्रत्येक ओळीत १,०२४ पिक्सेल असतात. नेहमीच्या पद्धतीत सीसीडी सुमारे ३.२ सेकंद उघडी राहते. नंतर तिच्यावरील सर्व विद्युत् भार सुमारे ४१ मिलिसेकंदांत शेजारच्या झाकलेल्या भागात सरकविला जातो आणि पुढची चौकट जमत असताना तेथून तो सावकाश वाचला जातो. प्रत्येक पिक्सेलचा भार ० ते ४,०९५ यांमधील अंकात, म्हणजे १२ बिटांत, रूपांतरित होतो.

या सर्व चौकटी जशाच्या तशा पृथ्वीवर का पाठवीत नाहीत, याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. एका सीसीडीच्या चौकटीस सुमारे १ कोटी २६ लाख बिट लागतात. सहा सीसीडींच्या चौकटी दर ३.२ सेकंदांनी पाठवायच्या तर सेकंदाला २ कोटी ३० लाखांहून अधिक बिट जावे लागतील. एसिसच्या वाट्यास दूरमापनाचा, अर्थात टेलिमेट्रीचा, जो हिस्सा येतो तो सेकंदाला केवळ सुमारे २४,००० बिटांचा आहे. म्हणजे मिळालेल्या आकड्यांपैकी हजारातला साधारण एकच पृथ्वीवर येऊ शकतो. सुदैवाने चौकटीतील जवळजवळ सर्व पिक्सेल रिकामेच असतात. नेमके कोणते रिकामे नाहीत, हे ठरविण्याचे काम मात्र उपग्रहावरच करावे लागते.

त्यासाठी निरीक्षणाच्या आरंभी प्रत्येक पिक्सेलचे फोटॉनाविना असणारे मूळ मूल्य नोंदवून त्याचा नकाशा केला जातो. पुढे प्रत्येक चौकटीतून तो नकाशा वजा करतात. उरलेले मूल्य ठरावीक उंबरठ्यापेक्षा जास्त असेल आणि तो पिक्सेल आपल्या शेजाऱ्यांत सर्वांत मोठ्या मूल्याचा असेल, तर तेथे घटना घडली असे मानले जाते. मग त्या पिक्सेलभोवतीचा तीन बाय तीनचा चौकोन उचलला जातो.

शेजारच्या आठ पिक्सेलांची गरज दोन कारणांनी असते. फोटॉन पिक्सेलच्या कडेजवळ पडला तर त्याचे इलेक्ट्रॉन दोन, तीन किंवा चार पिक्सेलांत विभागले जातात आणि ऊर्जा काढण्यासाठी ते एकत्र मिळवावे लागतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सीसीडीवर क्ष-किरणांपेक्षा विश्वकिरणांतील विद्युत् भारित कण कितीतरी अधिक संख्येने आदळत असतात. क्ष-किरणांचा ठसा आटोपशीर असतो: एकच पिक्सेल, लगतचे दोन पिक्सेल किंवा काटकोनात वळलेले तीन-चार. भारित कण मात्र सिलिकॉन भेदून जाताना लांब रेघ किंवा पसरट डाग सोडतो. चौकोनातील कोणते पिक्सेल उंबरठ्याच्या वर आहेत, यावरून प्रत्येक घटनेस एक श्रेणी दिली जाते आणि उघडपणे कणांच्या दिसणाऱ्या श्रेणी उपग्रहावरच गाळल्या जातात. ही गाळणी नसती तर खगोलीय फोटॉनांना पृथ्वीपर्यंतच्या वाटेवर जागाच उरली नसती.

किती पाठवायचे

गाळणीतून उतरलेल्या घटनेविषयी किती माहिती पाठवायची, हे निरीक्षणापूर्वीच ठरवावे लागते. एसिसच्या ‘फेंट’ पद्धतीत घटनेची जागा, चौकटीचा क्रमांक आणि नऊ पिक्सेलांची मूल्ये जातात; तेव्हा सेकंदाला सुमारे १७० घटना पाठविता येतात. ‘व्हेरी फेंट’ पद्धतीत पाच बाय पाचचा चौकोन, म्हणजे पंचवीस मूल्ये, जातात. यात कणांचे ठसे जमिनीवर अधिक चांगले ओळखता येतात, परंतु मर्यादा सेकंदाला सुमारे ६९ घटनांवर येते. ‘ग्रेडेड’ पद्धतीत केवळ जागा, एकूण ऊर्जा व श्रेणी पाठवितात आणि सेकंदाला ३७५ घटनांपर्यंत जाता येते.

उद्गम अपेक्षेहून तेजस्वी निघाला आणि ही मर्यादा ओलांडली गेली, तर कॅमेऱ्यातील तात्पुरता साठा भरतो आणि तो रिकामा होईपर्यंत चौकटीच्या चौकटी वगळल्या जातात. वगळलेल्या चौकटींतील फोटॉन परत मिळत नाहीत. किती चौकटी वगळल्या एवढे कळते आणि निरीक्षणाचा कालावधी तेवढा कमी धरावा लागतो.

तेजस्वी उद्गमांची दुसरी अडचण अधिक फसवी आहे. एकाच चौकटीत एकाच जागी दोन फोटॉन पडले तर कॅमेरा त्यांची एकच घटना नोंदवितो आणि तिची ऊर्जा दोघांच्या बेरजेइतकी धरतो. याला ‘पाइल-अप’ म्हणतात. अशा वेळी उद्गम प्रत्यक्षापेक्षा फिका आणि त्याचा वर्णपट प्रत्यक्षापेक्षा अधिक ऊर्जेकडे झुकलेला दिसतो. काही दुहेरी घटनांचा ठसा कणांच्या ठशासारखा होऊन त्या गाळल्याही जातात. परिणामी अतितेजस्वी उद्गमाच्या चित्रात मधोमध काळे छिद्र दिसू शकते. यावर उपाय म्हणजे चौकटीचा काळ कमी करणे. सीसीडीचा एक-अष्टमांश पट्टाच वापरला तर तो सुमारे ०.४ सेकंदांवर येतो. त्याहून वेगवान वाचन हवे असल्यास भार अखंड सरकवीत राहतात. त्यात प्रत्येक ओळ २.८५ मिलिसेकंदांत वाचली जाते, पण चित्राची एक मिती गमवावी लागते.

चुकीच्या जागी आलेली वेळ

चंद्रा वेधशाळेवर एचआरसी नावाचा दुसरा कॅमेरा आहे. त्यात सीसीडीऐवजी असंख्य बारीक काचनलिकांची पट्टी वापरलेली असून नलिकेच्या भिंतीवर फोटॉन आदळला की इलेक्ट्रॉनांचा वर्षाव होतो. त्याला ऊर्जा फारशी ओळखता येत नाही, मात्र घटनेची वेळ तो १६ मायक्रोसेकंदांपर्यंत टिपू शकतो. स्पंदकांसारख्या वेगाने लुकलुकणाऱ्या ताऱ्यांसाठी त्याचा हाच मुख्य उपयोग होता.

वेधशाळा कक्षेत गेल्यावर असे लक्षात आले की या कॅमेऱ्याच्या जोडणीत चूक राहिली असून प्रत्येक घटनेसोबत तिच्या आधीच्या घटनेची वेळ नोंदली जात आहे. सर्व घटना पृथ्वीवर येत असत्या तर यादीतील वेळेचा रकाना एका ओळीने सरकविला की काम भागले असते. परंतु या कॅमेऱ्याची दूरमापन-मर्यादा सेकंदाला सुमारे १८४ घटनांची आहे. पार्श्वभूमीतील कणांसह घटना त्याहून जास्त झाल्या की मधल्या काही गाळल्या जातात आणि कोणती वेळ कोणत्या घटनेची हे ठरविता येत नाही. दुर्बीण दुरुस्तीसाठी कोणास पाठविता येईल अशा कक्षेत नव्हती. उपाय म्हणून कॅमेऱ्याचा केवळ मधला भाग वापरण्याची पद्धत ठरविण्यात आली. त्यामुळे घटनांची संख्या मर्यादेत राहते, एकही गाळली जात नाही आणि वेळा जमिनीवर पुन्हा योग्य जागी बसविता येतात.

किरणोत्सर्गाने झालेली हानी

याहून गंभीर प्रसंग एसिसवर पहिल्याच काही आठवड्यांत आला. चंद्रा वेधशाळा सुमारे ६४ तासांच्या लंबवर्तुळाकार कक्षेत फिरते आणि प्रत्येक फेरीत पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सर्गी पट्ट्यांतून जाते. क्ष-किरण आरशांवर अगदी निसटत्या कोनात परावर्तित होऊन एकत्र येतात. कमी ऊर्जेचे प्रोटॉनही त्याच आरशांवरून विखुरत कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतील, हे पुरेसे ध्यानात आले नव्हते. या प्रोटॉनांनी दहांपैकी आठ सीसीडींच्या सिलिकॉनमध्ये सूक्ष्म दोष निर्माण केले. उरलेल्या दोन सीसीडी उलट्या बाजूने प्रकाश घेणाऱ्या होत्या. त्यांचे संवेदनशील थर खोलवर असल्याने त्या बचावल्या.

अशा दोषांत इलेक्ट्रॉन अडकून पडतात. भार जितक्या अधिक ओळी ओलांडून वाचनाच्या टोकाशी येतो तितका तो घटतो आणि एकाच ऊर्जेचे फोटॉन सीसीडीच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या ऊर्जेचे भासतात. कारण समजताच पट्ट्यांतून जाताना एसिस नाभीपासून बाजूला सरकविण्याची प्रथा सुरू झाली व हानी वेगाने वाढणे थांबले. झालेल्या हानीची बरीचशी भरपाई जमिनीवरील गणिताने करता येते: घटना कोणत्या ओळीत घडली आणि नऊ पिक्सेलांत भार कसा विभागला होता, यावरून वाटेत किती भार हरवला याचा अंदाज काढतात. ही दुरुस्ती शक्य झाली ती नऊही मूल्ये पाठविली जात असल्यामुळे. ज्या निरीक्षणांत केवळ बेरीज व श्रेणी पाठविली होती, तेथे ती तितक्या नेमकेपणाने करता येत नाही.

साठवण आणि प्रेषण

उपग्रह सतत भूकेंद्राच्या संपर्कात नसतो. चंद्रा वेधशाळेवरील सर्व उपकरणांची माहिती सेकंदाला ३२,००० बिट या वेगाने प्रत्येकी १.८ अब्ज बिट क्षमतेच्या दोन स्मृतिसंचांत साठविली जाते. एक संच भरण्यास साडेपंधरा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. साधारण दर आठ तासांनी कॅलिफोर्निया, स्पेन किंवा ऑस्ट्रेलिया येथील नासाच्या दूर-अवकाश जाळ्यातील एखाद्या तबकडीशी संपर्क साधून साठा उतरविला जातो व नव्या आज्ञा वर पाठविल्या जातात.

ॲस्ट्रोसॅटची परिस्थिती वेगळी आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ने सोडलेला हा उपग्रह सुमारे ६५० किमी. उंचीवर, विषुववृत्ताशी ६ अंशांचा कोन करणाऱ्या कक्षेत ठेवण्यात आला. एवढ्या जवळून सेकंदाला २१ कोटी बिटांपर्यंत माहिती उतरविता येते आणि त्यावरील स्मृतिसंचाची क्षमता सुमारे २०० अब्ज बिटांची आहे. साहजिकच त्यावरील उपकरणांना एसिसइतकी काटकसर करावी लागली नाही.

त्यावरील मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तयार केली असून तिचा कॅमेरा ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठाच्या सहकार्याने बनला आहे. त्यात ६०० बाय ६०० पिक्सेलांची एकच सीसीडी असून चौकटीचा काळ सुमारे २.४ सेकंद आहे. १५० बाय १५० पिक्सेलांची खिडकीच वाचली तर तो ०.२८ सेकंदांवर येतो. सीसीडीच्या चार कोपऱ्यांवर लोह-५५ या किरणोत्सर्गी समस्थानिकाचा प्रकाश कायम पडत असतो. त्यातून येणाऱ्या ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या ज्ञात रेषेशी ताडून ऊर्जेचे माप तपासले जाते. या समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे २.७ वर्षे असल्याने ही तपासणी वर्षागणिक मंद होत जाते.

त्याच उपग्रहावरील कॅडमियम-झिंक-टेल्युराइड प्रतिमादर्शकात सीसीडीही नाही आणि आरसेही नाहीत. १६,३८४ पिक्सेलांच्या शोधकापुढे नक्षीदार छिद्रांचा टँटलमचा पत्रा असून त्याच्या सावलीवरून उद्गमाची दिशा काढतात. येथे चौकटी नसतात. प्रत्येक घटना घडताक्षणी २० मायक्रोसेकंदांच्या अचूकतेने नोंदली जाते. या तपशिलाचा लाभ खेकडा तेजोमेघाच्या अभ्यासात दिसून आला. ऊर्जावान फोटॉन एका पिक्सेलमध्ये विखुरून शेजारच्या पिक्सेलमध्ये शोषला गेला तर ४० मायक्रोसेकंदांच्या आत दोन लगतच्या घटनांची जोडी यादीत उमटते आणि ती कोणत्या दिशेने विखुरली यावरून किरणांचे ध्रुवण समजते. अशा जोड्या निवडून तेजोमेघातील स्पंदकाच्या ३३ मिलिसेकंदांच्या आवर्तनात १०० ते ३८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्ट्यातील ध्रुवण कसे बदलते, याचे मापन भारतीय संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केले. दोन घटनांच्या वेळा वेगवेगळ्या न पाठविता उपग्रहावरच चित्र रचले गेले असते तर हे मापन अशक्य होते.

जमिनीवरील संस्करण

ॲस्ट्रोसॅटची माहिती बंगळूरजवळील ब्यालालू येथील भारतीय अवकाशविज्ञान माहिती केंद्रात उतरते. तेथून ती उपकरणनिहाय केंद्रांकडे जाते. वरील प्रतिमादर्शकाचे केंद्र पुण्याच्या आयुका संस्थेत, तर मृदू दुर्बिणीचे मुंबईच्या टाटा संस्थेत आहे.

पहिले काम म्हणजे प्रत्येक घटनेस आकाशातील जागा देणे. दुर्बीण कधीही पूर्ण स्थिर नसते. चंद्रा वेधशाळा तर मुद्दाम सुमारे १६ विकलांच्या पट्ट्यात सावकाश डोलविली जाते, जेणेकरून एखाद्या बिघडलेल्या पिक्सेलवर तोच उद्गम सतत राहू नये. साध्या छायाचित्रात यामुळे सारे पुसट झाले असते. येथे मात्र प्रत्येक फोटॉनाची वेळ ठाऊक असते. त्या क्षणी दुर्बीण कोठे रोखलेली होती हे तारे टिपणाऱ्या वेगळ्या कॅमेऱ्यावरून पाहून फोटॉन एकेक करून योग्य जागी ठेवले जातात.

त्यानंतर सदोष पिक्सेलवरील घटना वगळतात आणि उपग्रह किरणोत्सर्गी भागात असतानाचे किंवा उद्गम पृथ्वीआड गेला असतानाचे कालखंड काढून टाकतात. स्पंदकांच्या अभ्यासासाठी वेळही सुधारावी लागते. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने तोच स्पंद वर्षाच्या निरनिराळ्या काळी सुमारे आठ मिनिटांपर्यंत आधी वा नंतर पोहोचतो. म्हणून सर्व वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राशी जुळवून घेतात.

तयार झालेली घटना-यादी ‘फिट्स’ या खगोलशास्त्रात सर्वत्र रूढ असलेल्या स्वरूपात ठेवली जाते. जागेनुसार मोजणी केली तर तिचे चित्र होते, ऊर्जेनुसार केली तर वर्णपट आणि वेळेनुसार केली तर प्रकाशवक्र. कॅसिओपिया-ए या अतिदीप्त नवताऱ्याच्या अवशेषाची रंगीत चित्रे निरनिराळ्या ऊर्जांच्या घटनांना निरनिराळे रंग देऊन बनविलेली आहेत. ऑगस्ट १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या चित्रातच मध्यभागी एक बिंदुवत् उद्गम दिसला होता. मोजमापाचे ज्ञान सुधारले की जुन्या याद्यांवर नव्याने संस्करण करता येते, आणि चंद्रा वेधशाळेच्या संग्रहाचे तसे संस्करण वेळोवेळी झालेही आहे. निरीक्षण मागणाऱ्या संशोधकांसाठी राखून ठेवलेला काळ संपल्यावर या याद्या सर्वांना खुल्या होतात. ॲस्ट्रोसॅटचा संग्रह २०१८ पासून खुला असून नावनोंदणी करून कोणीही विद्यार्थी त्यातील फोटॉन उतरवून घेऊ शकतो.